नववा हात

दिवाळीपासून लिंबाजी सोनकांबळेचा हात एका जागी ठरत नव्हता. जेवायला बसला की ताटाच्या कडेवर बोट चालायचं, बिडी ओढता ओढता गुडघ्यावर अक्षरं काढायचा, आणि बायकोनं, चांगुणानं, काही विचारलं की उठून उभाच राहायचा. "बसा की हो जरा! बुडाला मुंग्या लागल्यात काय?" ती म्हणायची. मुंग्या परवडल्या असत्या. ज्या हातानं त्यानं आईचं नाव लिहिलं होतं, त्याच हातानं ते खरवडून काढलं होतं, आणि घरात बसलेल्या आंधळ्या बापाला त्याचा पत्ताच नव्हता.

आता हे नावाचं प्रकरण काय, ते आधी सांगायला पाहिजे. बहात्तरच्या दुष्काळात रुईवाडीच्या माळाखाली सरकारनं तलावाचं काम काढलं. गावातली, वस्तीतली, सगळी माणसं त्या कामावर. ज्यांच्या दावणीला चार बैल होते त्यांच्याही बायका पदर डोळ्यांपर्यंत ओढून मातीची पाटी उचलायला आल्या. दुपारी सुकडी मिळायची, तिच्यावर लेकरं जगली. दुसऱ्या उन्हाळ्यात, बुद्धपौर्णिमा चार दिवसांवर असताना, बांधाच्या पायाचा खोल चर खणणं चालू होतं. चरात लिंबाजीची आई होती, सरजाबाई. वरचा काठ सुटला. एवढंच झालं. माती खाली आली आणि बाई दिसेनाशी झाली. लिंबाजी तेव्हा वीस वर्षांचा. तो आणि कामावरचा मुकादम शेषेराव, म्हणजे निवृत्ती पाटलाचं पोर, लिंबाजीहून दोन वर्षांनी मोठं, दोघांनी चरात उड्या घेतल्या. फावडं तिलाच लागेल म्हणून नखांनी माती उपसली. बाई सापडली तेव्हा तिनं पाटीची कड घट्ट धरून ठेवली होती. पाटी सोडवायला दोघांना बसावं लागलं.

तलाव झाला, पाणी साठलं. सरकारी कागदावर तो 'पाझर तलाव क्रमांक अकरा' होता. असू दे. लोक सरजाबाईचा तलाव म्हणू लागले. कुणी ठराव केला नाही, कुणी नारळ फोडला नाही. पाटलाचा गडी म्हणायचा, "म्हशी सरजाबाईवर नेल्यात," आणि वस्तीतली पोरगी म्हणायची, "सरजाबाईवर धुणं धुऊन येते." मराठ्याचा असो, लिंगायताचा असो, मुसलमानाचा असो, ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. नाव पडलं ते असं.

आई गेल्यावर लिंबाजीचं गावात मन लागेना. तो नांदेडला गेला आणि स्टेशनापुढच्या वीरण्णा पेंटरच्या दुकानात राहिला. वीरण्णा तोंडाचा महातिखट, पण अक्षर असं काढायचा की बघणाऱ्यानं चहा विसरावा. त्याचा एकच नेम होता. "जुनं खरवडल्याबिगर नवं लिहायचं न्हाई, लिंब्या. वरनं थापलेलं नाव पहिल्या उन्हाळ्यात पोपडा होऊन पडतंय, आन् शिव्या पेंटरला बसतात." दोन वर्षं शिव्या आणि चहा खाऊन-पिऊन लिंबाजी गावी आला, आणि आला त्याच बुद्धपौर्णिमेला त्यानं तलावाच्या सांडव्याच्या भिंतीवर, जादा पाणी वाहून जातं तिथं, हात-हात उंचीच्या निळ्या अक्षरांत लिहिलं, 'सरजाबाईचा तलाव'. बाप ग्यानोबा तेव्हा थोडंफार बघू शकत होता. वाचता येत नव्हतं, पण भिंतीपुढं तो बराच वेळ उभा राहिला. "लई मोठं लिवलंस रं," तो म्हणाला. "तिला एवढ्या मोठ्यानं कुणी हाक बी मारली न्हाई कधी."

तेव्हापासून घरात रिवाजच पडला. दरसाल बुद्धपौर्णिमेला विहारात वंदना झाली की बाप-लेक मेणबत्ती घेऊन सांडव्यावर जायचे आणि लिंबाजी त्या अक्षरांवर रंगाचा नवा हात द्यायचा. पुढं मोतीबिंदूनं ग्यानोबाची नजर पार गेली, तरी तो लेकाचा खांदा धरून यायचा, दगडावर बसायचा आणि विचारायचा, "कितवा हात रं?" लिंबाजी सांगायचा, "पाचवा, आबा." "सहावा, आबा." म्हातारा बोटांवर मोजून बघायचा, बरोबर आहे म्हणायचा आणि मग मेणबत्तीसाठी हात पुढं करायचा. ब्याऐंशी साली आठवा हात झाला.

आणि त्याच साली जिल्हा फुटला. पंधरा ऑगस्टला उस्मानाबादेतून लातूर वेगळं निघालं. गुलाल उधळला, हलग्या वाजल्या, ज्यांना तहशिलीची पायरी ठाऊक नव्हती तेही "आपला जिल्हा, आपला जिल्हा" करून नाचले. लिंबाजीलाही आनंदच झाला, आणि त्याला कारणही होतं. जिल्हा नवा म्हणजे पाट्या नव्या! चाकूरपासून इकडच्या सगळ्या फाट्यांवरच्या पाट्यांचं काम त्याला लागलं. 'जि. उस्मानाबाद' खरवडायचं, 'जि. लातूर' लिहायचं. चांगुणा हसून म्हणायची, "दरसाल एक जिल्हा फुटावा बाई!"

दसरा झाला आणि एका सकाळी शेषेराव राजदूत फटफटी घेऊन वस्तीत आला. दहा वर्षांत तो चांगलाच भरला होता, सोसायटीचा चेअरमन झाला होता. ग्यानोबा विहाराकडं गेलेला. लिंबाजीनं बाज टाकली.

"एक पाटी हाय," शेषेराव म्हणाला. "सांडव्याच्या भितीवर लिहायचंय. 'कै. निवृत्तीराव पाटील जलाशय'. ठराव झाला, वरनं मंजुरी बी आली."

निवृत्तीराव म्हणजे शेषेरावाचा बाप. दोन वर्षांपूर्वी वारला. माणूस भला होता, खोटं कशाला बोला. पण तलावाच्या कामावर तो एकदाही फिरकला नव्हता. पुढं कधी गेला असेल तर म्हैस हुडकायला गेला असेल.

"तिथं नाव हाय, पाटील," लिंबाजी म्हणाला.

"हाय. मला ठाव न्हाई का? पर कागदावर न्हाई. जिल्हा नवा हाय, रेकॉर्ड नवं चालू हाय. आत्ता जे कागदावर चढंल ते कायमचं. उद्या जिल्हा परिषदेची निवडणूक लागंल. लातूरच्या माणसानं मला विचारू नये, तुझा बाप कोण म्हणून."

"आन् माझी आई कोण हुती?"

शेषेरावानं मान वळवली. "तिच्यासाठी येगळं करू की काहीतरी. वस्तीत पाण्याची टाकी येऊन राहिली, तिला देऊ नाव."

टाकी! ती अजून येऊनच राहिली आहे.

"मग दुसरा पेंटर बघा."

"बघीन. चाकूरचा येईल, चुना फासंल आन् वर खरडंल. त्यापरीस तुझ्या हातानं झालेलं बरं, असं वाटलं मला." हे तो अगदी मनापासून म्हणाला, हाच तर वांधा होता. सरळ दमदाटी केली असती तर लिंबाजीला सोपं गेलं असतं. मग शेषेराव उठता उठता आवाज खाली आणून म्हणाला, "लिंबाजी, नावापायी काय काय झालं ते आपुन दोघांनी बघितलंय. गावात आत्ता बरं चालू हाय. चालू दे."

त्याचा अर्थ वस्तीतल्या रांगत्या पोरालाही कळला असता. चार वर्षांपूर्वी विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि मराठवाड्यात वस्त्या पेटल्या. रुईवाडी जळली नाही, पण आठ दिवस बाप्ये ओढ्यात निजले होते आणि चांगुणा पोरीला काखेत मारून नांदेडला वीरण्णाच्या दुकानामागं जाऊन राहिली होती. शेषेरावानं तेव्हा गावातल्या पोरांना आवरलं होतं, हेही खरं. उपकार लक्षात ठेवायचे की धमकी ऐकायची, लिंबाजीला उमगेना.

"लिहून टाका," चांगुणा म्हणाली. "नावापायी घर गेलं तर नाव काय पांघरून निजायचं? आत्याबाई गेल्या, पोर अजून हाय आपली." असं फाडकन बोलली आणि चुलीपुढं जाऊन तीच रडत बसली. लिंबाजी दारात उभा राहून ब्रश साफ करत राहिला. ब्रश साफच होता.

दिवाळीच्या तोंडावर तो सांडव्यावर गेला तेव्हा मनात एक बेत होता. खरवडायचं नाही. वरून सफेदा थापायचा, त्यावर पाटलाचं नाव लिहायचं आणि गप बसायचं. पहिल्या उन्हाळ्यात पोपडे पडतील आणि खालची आई आपोआप वर येईल. हिकमत चांगली होती. पण पत्र्याची पट्टी हातात आली आणि हात ऐकेना! सात-आठ वर्षं रोज जे केलं तेच त्यानं सुरू केलं. आठ हातांचा थर, तो काय सहज निघतो? वरचा निळा, त्याखाली निळा, त्याखाली एके साली निळा मिळाला नव्हता म्हणून दिलेला लाल. दुपारपर्यंत तो घासत होता. खालचा दगड उघडा पडला, त्यावर पॉलिश कागद फिरवला, आणि दिवस मावळायच्या आत निवृत्तीराव पाटील भिंतीवर असे उमटले की लातूरचे पाहुणे उद्घाटनाला म्हणाले, "अक्षर कुणाचं हो?" काम वाईट करायची अक्कलच त्या हाताला नव्हती. लिंबाजीचा सगळा राग त्या हातावर होता.

वस्तीनं मात्र एक गोष्ट न बोलता पाळली. म्हाताऱ्याला कुणी सांगितलं नाही. तो विचारायचा, "पावसानं नाव खराब झालं न्हाई ना तिचं?" आणि पोरंटोरंसुद्धा सांगायची, "न्हाई आबा, झकास हाय." नव्या नावाचं म्हणाल, तर उद्घाटनाच्या दिवशी माईकवर जेवढं घेतलं गेलं तेवढंच. दुसऱ्या दिवशी पाटलाचाच गडी म्हणाला, "म्हशी सरजाबाईवर नेल्यात."

त्र्याऐंशीचा उन्हाळा आला तो वैरी होऊन. आदल्या साली पाऊस आला आला म्हणेतोवर गेला होता. चैत्रात तलावाचं पाणी तळाला लागलं, वैशाखात चिखलाला भेगा पडल्या. सांडव्याच्या भिंतीवर जलाशय, आणि खाली घोटभर पाणी नाही; नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! बायका तलावाच्या पोटात झिरे खणून वाटीवाटीनं पाणी भरायच्या. चांगुणा पहाटे जायची ती उन्हं चढल्यावर एक घागर घेऊन यायची. तिची बोटं मातीनं फाटली होती. आणि बुद्धपौर्णिमा जवळ येत चालली होती. "रंग आणला का रं?" ग्यानोबा विचारायचा. "औंदा नववा हात हाय. विसरशील." लिंबाजी हाव म्हणायचा आणि बाहेर पडायचा. एकदा वाटलं, सांगून टाकावं. तोंड उघडलं आणि म्हणाला, "पाणी देऊ का, आबा?"

शेषेराव लातूरला तीन खेटे घालून आला आणि तलावाखालच्या सरकारी विहिरीसाठी टँकर मंजूर करून आणला. रोज एक खेप विहिरीत ओतायची आणि तीन वाड्यांनी शेंदायचं. अर्ज त्यानं स्वतः लिहिला, आणि ठिकाण म्हणून मोठ्या ऐटीत लिहिलं, 'कै. निवृत्तीराव पाटील जलाशयाची विहीर'. नव्या कचेरीतल्या नव्या कारकुनानं तेवढंच चिठ्ठीवर उतरवून ड्रायव्हरच्या हातात दिलं. गावाचं नाव नाही, फाट्याचं नाही, तोंडी नुसतं 'लातूर-नांदेड रस्त्यावर विचारा'. जलाशय म्हटल्यावर तो काय हातभर असणार? कुणीही सांगेल, असं वाटलं असेल त्याला.

सोमवारी लिंबाजी फाट्यावर होता. लातूर-नांदेड रस्त्यावर नागम्माचं चहाचं हॉटेल, त्याच्यापुढं एक पाटी बाकी राहिली होती. टँकर येऊन थांबला. ड्रायव्हरनं मान बाहेर काढून विचारलं, "निवृत्तीराव जलाशय कुठं आला हो?"

नागम्मा उदगीरच्याही पलीकडची, पण या फाट्यावर तिची वीस वर्षं गेलेली. तिनं कपाळाला आठ्या घातल्या. "जलाशय? इकडं न्हाई बाबा. मोठं धरण असंल ते, तिकडं मांजरेकडं बघा." बाकावरची चार माणसं विचारात पडली. कुणी म्हणालं, असं नाव ऐकल्यासारखं वाटतंय, कुणी म्हणालं, छे. खरंच आठवत नव्हतं कुणाला. उद्घाटनाचे पेढे खाल्लेली माणसं होती ती!

"पेंटर, तुमी तर पाट्या लिहिता," ड्रायव्हर म्हणाला. "तुमाला ठाव असंल."

लिंबाजीच्या हातात ब्रश होता. टँकरच्या मागून पाणी ठिबकत होतं, रस्त्यावर काळा डाग पडत होता. तो टँकर कुठला, कुणासाठी, सगळं त्याला माहीत होतं. त्यानं नुसतं "डावीकडं वळा, दोन मैल" म्हणायचं होतं. पण ते नाव त्याच्या तोंडी येईना, आणि जे आलं ते भलतंच.

"असा तलाव हितं न्हाई," तो म्हणाला.

टँकर निघून गेला. लिंबाजीला क्षणभर असं बरं वाटलं म्हणता! बघा म्हणावं, लिहिलं म्हणजे झालं का नाव? मग तो घरी आला. वस्तीतल्या बायका विहिरीवर घागरी रांगेत लावून उन्हात बसल्या होत्या, टँकर येणार म्हणून त्या दिवशी झिऱ्यावर कुणी गेलंच नव्हतं. चांगुणा रिकामी घागर घेऊन परतली. ग्यानोबानं तांब्या हलवून बघितला, तळाशी दोन घोट होते. "पोरीला ठेवा," म्हणाला आणि तांब्या झाकून ठेवला. ड्रायव्हरच्या मागं धावत जावं असं लिंबाजीला वाटलं, पण टँकर केव्हाच लातूरला पोचला असेल.

मंगळवारी तो भल्या सकाळी फाट्याकडं निघाला, तर वाटेतच वस्तीतल्या म्हातारीला झिऱ्यावर भोवळ आली म्हणून निरोप. तिला उचलून सावलीत आणण्यात, पाणी मागून आणण्यात दुपार झाली. फाट्यावर पोचला तेव्हा नागम्मा म्हणाली, "आला हुता की तो टँकर. ते जलाशय पुन्यांदा विचारलं. कुणालाच ठाव न्हाई. भरल्यापोटी परत गेला बिचारा." लिंबाजीनं बोटांवर मोजलं. दोन खेपा. तीन वाड्यांचं दोन दिवसांचं पाणी त्याच्या एका वाक्यानं गेलं होतं. जिच्या नावासाठी राग धरला, ती बाई पाण्यासाठीच तर माती वाहताना मेली होती. हा विचार आला आणि त्याला स्वतःची शिसारी आली.

बुधवारी तो उजाडायच्या आधीपासून फाट्यावर उभा होता. एकदा पाटीपाशी, एकदा रस्त्याच्या मध्ये, एकदा परत हॉटेलात. नागम्मानं चहा दिला तो तसाच निवला. थोड्या वेळानं शेषेरावही फटफटीवर आला. त्याचीही विहीर आटली होती, घरी म्हातारी आई, आणि टँकर कुठं गेला म्हणून तीन वाड्यांची माणसं दोन दिवस त्याच्या दारात. त्याच्यामागं दहा-पंधरा माणसं चालत आली होती. एवढ्यात टँकर आला. शेषेरावानं आडवा हात करून तो थांबवला आणि ड्रायव्हरवर तुटून पडला.

"दोन दिस झाले, कुठं मरतूस रे? माणसं ताटकळून राहिली हितं! पाणी इकून खाल्लंस काय?"

ड्रायव्हरही काही ऐकून घेणारा नव्हता. खाली उतरला आणि चिठ्ठी नाचवू लागला. "तोंड सांभाळून बोला, साहेब! दोन्ही दिस हितंच आलो. निवृत्तीराव जलाशय, निवृत्तीराव जलाशय, घसा कोरडा झाला माझा. कुत्र्याला ठाव न्हाई. हे पेंटर हायेत ना, ह्यांनीच सांगितलं सोमवारी, असा तलाव हितं न्हाई म्हणून!"

सगळ्यांचे डोळे लिंबाजीकडं वळले. शेषेराव दोन पावलं पुढं आला. "तू? लिंबाजी, तू? तुझ्या हातानं लिहिलंयस न्हवं?"

"म्याच लिहिलं," लिंबाजी म्हणाला. "आन् म्याच न्हाई म्हणालो. चुकलं माझं. माणसं तहानली, माझा बाप तहानला, लई मोठी चूक झाली. काय शिक्षा द्यायची ती द्या. पर पाटील, मंगळवारी म्या हितं नव्हतो. मंगळवारी कुणी सांगितलं न्हाई ते का, हे बी विचारा."

मंगळवारी बाकावर बसलेला सोसायटीचा शिपाई, शेषेरावाचाच माणूस, खाली मान घालून चप्पल बघत राहिला.

"ते मरू द्या तुमचं," ड्रायव्हर वैतागून म्हणाला. "मी कुणाला इचारू ते सांगा. उद्या मी न्हाई आलो, दुसरा ड्रायव्हर आला, तर त्यानं काय इचारायचं?"

"अरे गाढवा," शेषेराव ओरडला, "सरजाबाईचा तलाव म्हणायचं! शेंबडं पोर बी सांगंल!"

आणि थांबला.

कुणी हसलं नाही. हसण्यासारखं होतं, पण नाही हसलं. शेषेरावाच्या तोंडावरचा राग उतरत गेला आणि त्याजागी दुसरंच काही आलं. त्यानं आपल्या दोन्ही हातांकडं बघितलं. दहा वर्षांपूर्वी याच हातांची नखं चरात तुटली होती, हे फक्त त्याला आणि लिंबाजीला ठाऊक होतं.

"मग तसं लिहून द्या की कुठंतरी," ड्रायव्हर म्हणाला. त्याला यातलं काय कळणार? "हितं फाट्यावर बाण काढा. पाट्या लिहिणारा तर उभाच हाय."

लिंबाजीनं शेषेरावाकडं बघितलं. "काय लिहू, पाटील?"

शेषेरावानं फटफटीला किक मारली. ती लागली नाही. दुसऱ्यांदा मारली. "लोक म्हणतात ते लिही," तो खाली बघतच म्हणाला. "पाणी आलं पायजे." तिसऱ्या किकला फटफटी लागली, आणि तो टँकरच्या पुढं वाट दाखवत गेला.

दुसऱ्या दिवशी बुद्धपौर्णिमा. वंदना झाली, ग्यानोबानं धुतलेलं धोतर नेसलं, मेणबत्ती घेतली आणि लेकाच्या खांद्यावर हात ठेवला. नेहमीची वाट त्याच्या पायांना पाठ होती. लिंबाजी भलतीकडं वळला तसा तो थबकला.

"इकडं कुठं? सांडवा तिकडं हाय."

"चला तर, आबा."

दोन मैल ऊन डोक्यावर घेत ते फाट्यापर्यंत गेले. वाटेत टँकर समोरून आला, ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. म्हातारा बाजूला सरकला. "आपल्याकडं चाललंय का पाणी?" "आपल्याकडंच." फाट्यावर नागम्मानं बाक पुसून दिला. लिंबाजीनं बापाला पत्र्याच्या पाटीपुढं बसवलं. पाटी कालच पांढरी केली होती, आज तिच्यावर लिहायचं होतं. गाड्या जात होत्या, लातूरच्या, नांदेडच्या. ग्यानोबा कान देऊन ऐकत राहिला. रंगाचा डबा उघडल्याचा वास आला तसा त्यानं विचारलं, जसं दरसाल विचारायचा तसंच.

"कितवा हात रं? नववा ना?"

लिंबाजीनं ब्रश बुडवला. सहा महिन्यांत पहिल्यांदा त्याचा हात हलत नव्हता. खोटं सांगणं सोपं होतं, नुसता एक आकडा.

"पहिला, आबा," तो म्हणाला.

म्हाताऱ्याची बोटं मोजायला उघडली होती, ती तशीच राहिली. रस्त्यावरून एक ट्रक गेला, मग एसटी गेली. मग त्यानं हात लांब करून पाटीचा पत्रा चाचपला, कड धरली, दगड नाही हे त्याला कळलं. "तिथलं कुणी काढलं?"

"म्या. म्याच खरवडलं. तिथं आता निवृत्ती पाटलाचं नाव हाय."

ग्यानोबानं हात उचलला. तो लिंबाजीच्या गालावर बसला. म्हाताऱ्या माणसाचा मार, पण त्यात जेवढा जोर होता तेवढा सगळा होता. लिंबाजी हलला नाही. नागम्मा आतून बघत होती, तिनं तोंडाला पदर लावला.

"आठ हात हुते," ग्यानोबा म्हणाला. त्याच्या आंधळ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "आठ."

"हाव, आबा."

मग म्हाताऱ्यानं मेणबत्ती बाकावर ठेवली, धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि ज्या हातानं मारलं होतं त्याच हातानं लेकाचं मनगट धरून ते पाटीवर नेऊन टेकवलं.

"जाड दे," तो म्हणाला. "मला आता आणखी आठ वरसं जगावं लागंल."